हाडाच्या स्कॅफोल्डचं निर्जंतुकीकरण: पद्धत आधी ठरवा, पॉलिमर मग

स्कॅफोल्ड, म्हणजे ज्यावर नवं हाड वाढावं असा सच्छिद्र सांगाडा, बनतो, एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) छिद्रं सुबक दिसतात, कॉम्प्रेशनचे आकडे वहीत उतरतात. मग सेल कल्चर करणारी मैत्रीण विचारते, "स्टराइल करून देणार आहेस ना?" आणि तेव्हा कुठे शोधाशोध सुरू होते. खोलीत ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं यंत्र) आहे, हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) यूव्हीची, म्हणजे अतिनील किरणांची, नळी आहे, सत्तर टक्के इथेनॉल तर बाटलीभर आहेच. त्यातलं जे जवळ आहे ते वापरलं जातं, आणि शोधनिबंधात एका ओळीत उरकलं जातं.

अडचण अशी, की हाडासाठी वापरले जाणारे विरघळणारे पॉलिमर उष्णता, पाणी आणि किरणोत्सर्ग या तिन्हींना हळवे असतात. नेमक्या याच तीन गोष्टी जंतूंना मारतात. त्यामुळे तुम्ही चाचण्या केलेला पदार्थ वेगळा आणि पेशींना किंवा सशाच्या मांडीच्या हाडात दिलेला पदार्थ वेगळा, असं सर्रास होतं. कोल्हापुरात बसून हे काम करणाऱ्या एम.एस्सी., पीएच.डी. आणि बायोमेडिकलच्या मुलांसाठी हा क्रम लिहितो आहे. इथला पावसाळा आणि इथून मुंबईला जाणारं पार्सल, दोन्ही त्यात आलं आहे, कारण दोन्हींचा रेणुभारावर, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांच्या लांबीवर, परिणाम होतो.

पहिली पायरी: नक्की कशासाठी निर्जंतुक करायचंय?

शरीरात रोपण करायच्या वस्तूसाठी जगभर पाळला जाणारा निकष म्हणजे दहा लाख नगांत फार तर एका नगावर जिवंत जंतू सापडण्याची शक्यता. याच्या अलीकडचं सगळं निर्जंतुकीकरण नव्हे, निर्जंतुकीकरणासारखं दिसणारं काहीतरी.

सत्तर टक्के इथेनॉल जिवाणू मारतं, बीजाणू (जिवाणूंचं कवचबंद, चिवट रूप) मारत नाही. यूव्हीचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काम करतो. स्कॅफोल्डची ऐंशी-नव्वद टक्के जागा पोकळ, आणि त्यातली बहुतेक सावलीत. हाडाच्या पेशींना आत शिरायला आणि रक्तवाहिन्या वाढायला शंभर मायक्रॉनच्या वर, शक्यतो तीनशेच्या आसपासची छिद्रं लागतात. यूव्हीला त्या भुयारांच्या आतल्या भिंती दिसतच नाहीत. रात्रभर यूव्हीत ठेवलं तर आतले बीजाणू तसेच राहतात आणि वरचा पॉलिमर मात्र खराब होतो.

सुरुवातीच्या, दोन-तीन दिवसांच्या पेशी चाचणीला इथेनॉल चालतं, यावर माझा आक्षेप नाही. उलट पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पाणी झिडकारणाऱ्या पदार्थाच्या छिद्रांत माध्यम शिरावं म्हणून आधी इथेनॉलने भिजवणं उपयोगीच पडतं. फक्त त्याला "निर्जंतुक केलं" म्हणू नका. प्राण्यावरचा प्रयोग असेल तर ही पळवाट बंद. आणि माणसात वापरायचं म्हटलं तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू होतात. ते काम विद्यापीठाच्या खोलीत बसून व्हायचं नाही.

दुसरी पायरी: पॉलिमरची कुंडली मांडा

प्रत्येक पदार्थासाठी चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा: काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ पडतो ते), वितळबिंदू, पाण्याने तुटतो का, किरणोत्सर्गाने तुटतो की जोडला जातो.

पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए: काचसंक्रमण ५५ ते ६० अंश सेल्सिअस, वितळबिंदू प्रकारानुसार साधारण १५० ते १८०. पीएलजीए, म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा मिश्र पॉलिमर: काचसंक्रमण ४५ ते ५५, स्फटिकं जवळजवळ नाहीत, म्हणजे त्या तापमानाच्या वर आकार धरून ठेवायला काहीच नाही. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल: वितळबिंदूच ६० अंश. तिघांच्याही साखळीत एस्टर बंध (म्हणून हे पॉलिस्टर), म्हणून पाणी मिळालं की तुटणार. शरीरात विरघळतात ते याच गुणामुळे.

कोलॅजन आणि जिलेटिन ही प्रथिनं. गरम ओलाव्यात त्यांची घडी मोडते. कायटोसान ऑटोक्लेव्हमध्ये पिवळट-तपकिरी पडतं आणि गॅमाने त्याच्या साखळ्या तुटतात. रेशमाचं फायब्रॉइन मात्र बऱ्यापैकी चिवट, स्कॅफोल्ड पक्का झाला असेल तर वाफ सोसतं. पीक (पीईईके, पॉलिइथर इथर कीटोन) हा शरीरात न विरघळणारा पॉलिमर ३४३ अंशांना वितळतो, त्याला १३४ अंशांच्या वाफेचं काही वाटत नाही. हायड्रॉक्सिअपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही हाडातल्या खनिजासारखी भुकटी यांपैकी कशालाच फारशी भीक घालत नाही, पण ती ज्यात मिसळली आहे तो पॉलिमर घालतो.

बीएमपी-२ सारखं वाढघटक प्रथिन आत भरलं असेल तर शेवटी निर्जंतुक करण्याचा बेत सोडा. आधी रिकामा स्कॅफोल्ड निर्जंतुक करा, मग गाळून निर्जंतुक केलेलं प्रथिन हूडमध्ये भरा.

तिसरी पायरी: पद्धत निवडा

*वाफ.* १२१ अंश, १५ ते २० मिनिटं. स्वस्त, खात्रीची, विषारी अवशेष शून्य, आणि वरच्या तिन्ही पॉलिस्टरसाठी निरुपयोगी. एकदा मुद्दाम एक फुकट गेलेला पीसीएलचा तुकडा काचेच्या पेट्रीडिशमध्ये ठेवून चालवून बघा. झाकण लगेच उघडलं तर तळाशी पारदर्शक थेंब दिसतो. थंड होताना तो कडेकडून पांढरा होत जातो आणि शेवटी मेणाची टिकली उरते. छिद्रं, जाळी, काहीही नाही. पीएलएचा तुकडा कधीकधी आकाराने बरा दिसतो आणि म्हणूनच जास्त फसवतो: आत वाफेच्या पाण्याने एस्टर बंध तुटलेले असतात आणि चिमट्यात धरला की तो खडूसारखा मोडतो. कोरडी उष्णता म्हणजे १६० अंशांना दोन तास. तिचा विचारही नको.

*इथिलीन ऑक्साइड.* रुग्णालयांच्या सीएसएसडीत (निर्जंतुकीकरण विभागात) बोलीभाषेत ईटीओ. हा वायू जंतूंच्या प्रथिनांना आणि डीएनएला अल्किल गट चिकटवून मारतो. तापमान कमी लागतं, म्हणून पॉलिस्टरसाठी पहिला पर्याय हाच सुचतो. पण "कमी" म्हणजे किती, ते विचारा. रुग्णालयांतल्या बऱ्याच यंत्रांत दोन सायकल असतात, ३७ अंशांची आणि ५५ अंशांची. काम लवकर उरकावं म्हणून ५५ ची लावली जाते, आणि सुया-नळ्यांसाठी ते योग्यही आहे. तुमचा पीएलजीए मात्र ५५ ला काचसंक्रमणाच्या वर गेलेला असतो. शिवाय वायूला काम करायला आर्द्रता लागते, आणि पाणी पीएलजीएमध्ये शिरलं की त्याचं काचसंक्रमण आणखी खाली उतरतं. छिद्रं आक्रसतात, चकतीचा व्यास कमी होतो. म्हणून यंत्र चालवणाऱ्या दादांकडे स्वतः जा, ३७ अंशांची सायकल मागून घ्या आणि तिचा प्रिंटआउट जपून ठेवा.

ईटीओची दुसरी बाजू अवशेषांची. सच्छिद्र पदार्थाचं पृष्ठफळ प्रचंड, त्यात वायू मुरतो. तो माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध आहे, आणि पेशींसाठी तर सरळ विष. रोपणासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा पहिल्या २४ तासांत ४ मिलिग्रॅम आहे, पण तुमच्या थाळीतल्या मूठभर पेशी त्याच्या कितीतरी अलीकडेच मरतील. एरेशन, म्हणजे मुरलेला वायू हवेने बाहेर काढणं, गरम हवेत लवकर होतं, पण पुन्हा तीच अडचण. पीएलजीए गरम करता येत नाही. मग खोलीच्या तापमानाला व्हॅक्यूममध्ये काही दिवस ठेवणं हाच मार्ग. घाईने पाऊच फोडून हुंगू नका. या वायूचा वास जाणवतो तोवर सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

कोलॅजनवाल्यांसाठी एक इशारा: हा वायू लायसिनच्या अमिनो गटांशी अभिक्रिया करतो. जंतूंचं जे होतं, तेच तुमच्या प्रथिनाचं होतं.

*गॅमा.* कोबाल्ट-६० चे किरण, नेहमीची मात्रा २५ किलोग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणऊर्जेचं एकक). पाऊच न फोडता, गरम न करता आरपार काम होतं, अवशेष राहत नाहीत. मुंबईतल्या ट्रॉम्बेचं आयसोमेड हे देशातलं वैद्यकीय साहित्य गॅमाने निर्जंतुक करणारं पहिलं केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. म्हणजे ही काही नवलाईची गोष्ट नाही.

किंमत साखळ्या मोजतात. थोडा हिशेब करू. समजा शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे निव्वळ एक साखळी तुटते. मग २५ किलोग्रेला दर ग्रॅममागे सुमारे २.६ मायक्रोमोल तुटी होतात. संख्या-सरासरी रेणुभार एक लाख असेल तर ग्रॅममध्ये साखळ्याच १० मायक्रोमोल. म्हणजे दर चार साखळ्यांमागे साधारण एक तूट, आणि रेणुभार ७९ हजारांवर. तोच हिशेब ५० हजारांच्या पॉलिमरला लावा, तो ४४ हजारांवर येतो. २० हजारांचा १९ हजारांवर. लांब साखळीचं नुकसान प्रमाणात जास्त. तेव्हा "गॅमाने किती टक्के रेणुभार घटतो" या प्रश्नाला एक उत्तर नसतं, सुरुवात कुठून केली ते सांगावं लागतं. तुमच्या पदार्थाचा तुटीचा दर वेगळा असेल, पण दोन-तीन मात्रांवर मोजलंत तर याच सूत्राने तो काढता येतो: रेणुभाराचा व्यस्तांक मात्रेसमोर मांडा, सरळ रेषा यायला हवी. पीसीएलमध्ये तुटणं आणि जोडलं जाणं दोन्ही चालतं, तिथे रेषा वाकते, जेल (जोडल्या गेलेल्या साखळ्यांचा न विरघळणारा भाग) उरतं.

२५ हा आकडा देवाने दिलेला नाही. स्वच्छ जागेत, हातमोजे घालून, गाळलेल्या द्रावणांनी स्कॅफोल्ड बनवला आणि प्रति नग सरासरी जंतुभार दीडच्या आत ठेवला, तर आयएसओ १११३७ मधल्या पद्धतीने १५ किलोग्रेसुद्धा सिद्ध करता येतात. साखळ्या वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आधी हात धुणे.

आणि गॅमाचं काम किरण थांबल्यावर संपत नाही. मुक्त मूलकं (किरणांनी तयार झालेले अतिक्रियाशील तुकडे) स्फटिकांत अडकून राहतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी पुढचे आठवडे झोंबत बसतात. कृत्रिम गुडघा-खुब्यातल्या पॉलिइथिलीनच्या कपांबाबत हा धडा जगाने महागात शिकला आहे. हवेत गॅमा दिलेले कप पाकिटात पडल्या पडल्या ऑक्सिडाइझ होऊन ठिसूळ झाले, आणि नव्वदच्या दशकात उत्पादकांना नायट्रोजन किंवा निर्वात पॅकिंगकडे वळावं लागलं. तुमचाही पाऊच नायट्रोजन भरून सील करा. जमल्यास कोरड्या बर्फावर किरण द्यायला सांगा, तुटी कमी होतात.

*इलेक्ट्रॉन बीम.* तीच मात्रा तासांऐवजी सेकंदांत, म्हणून ऑक्सिजनला शिरायला वेळ कमी. पण २५ किलोग्रे म्हणजे ग्रॅममागे २५ जूल. ते एका दमात दिले तर पीएलए पंधरा-वीस अंशांनी तापू शकतो. मात्रा तुकड्या-तुकड्यांत मागा.

*हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा.* ५० अंशांच्या आसपास, तासाभरात काम. कापूस आणि कागद पेरॉक्साइड शोषतात म्हणून पाऊच टायव्हेकचाच (वायू आरपार जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिक-तंतूंच्या कापडाचा) लागतो. सच्छिद्र स्कॅफोल्डही तेच करतो, आणि मग यंत्र मध्येच सायकल रद्द करतं. झाली पूर्ण तरी पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो आणि उरलेलं पेरॉक्साइड पेशींना सोसत नाही. पीसीएलच्या बारीक तंतूंना ५० अंश धोक्याच्या जवळचे.

अतिक्रांतिक (वायू आणि द्रव यांच्या मधल्या अवस्थेतला) कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बारच्या वर काम करतो, ऐकायला उत्तम. पण तो पीएलजीएमध्ये विरघळून त्याला मऊ करतो आणि दाब सोडताना फुगवतो. शिवाय बीजाणूंसाठी त्यात पेरासिटिक आम्लासारखं काहीतरी मिसळावं लागतं.

माझं मत विचाराल तर पीएलए आणि पीसीएलसाठी गॅमा, आणि साखळीची झीज आधीच धरून जास्त रेणुभाराचा पॉलिमर विकत घ्यायचा. मऊ पीएलजीए आणि इलेक्ट्रोस्पन (विद्युतदाबाने ओढलेल्या अतिबारीक) तंतूंसाठी ३७ अंशांचा ईटीओ आणि भरपूर धीर.

चौथी पायरी: नमुने आणि पार्सल

सगळे नमुने एकाच बॅचचे. चकत्या एका मापाच्या निघाव्यात म्हणून उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडून स्टीलचा पंच करून घ्या. ब्लेडने कापलेल्या तुकड्यांच्या कडा दबतात आणि कॉम्प्रेशनचे आकडे विखुरतात.

गट चार करा, दोन नव्हे. एक: बनवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवलेले. दोन: निर्जंतुक केलेले. तीन: निर्जंतुक केलेल्यांबरोबर प्रवास करून आलेले, पण प्रक्रिया न झालेले. चार: निर्जंतुक करून काही महिने साठवलेले. तिसरा गट बहुतेक जण करत नाहीत आणि इथेच कोल्हापूरकरांना तो सगळ्यात जास्त लागतो. मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर. मे महिन्यात टेम्पोच्या बंद हौद्यात तापमान पन्नाशीच्या वर जातं, आणि पीएलजीएसाठी ते म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या आधीच एक उष्णता-प्रक्रिया. पावसाळ्यात उलट: उघड्यावर राहिलेल्या गुळासारखा पीएलजीए हवेतलं पाणी ओढून घेतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये पाठवणी टाळता आली तर टाळाच.

गॅमासाठी आतून बाहेर असा थर ठेवा: काचेची नव्हे, प्लॅस्टिकची कुपी, कारण काच किरणांनी तपकिरी पडते, मग सिलिका जेलची पुडी, मग ॲल्युमिनियम फॉइलचा सीलबंद पाऊच, मग थर्मोकोलची पेटी, आत जेल पॅक. पेटीत एक स्वस्त तापमान लॉगर टाका. ईटीओला नेमकं उलट: वायू आतबाहेर जायला हवा, म्हणून टायव्हेकचा पाऊच, फॉइल नाही. परत आल्यावर मात्र लगेच फॉइलमध्ये.

पाऊचवरची गॅमाची पिवळी टिकली लाल झाली म्हणजे पार्सल किरणांसमोरून गेलं, एवढंच. मात्रा किती मिळाली ते डोसिमीटरचा (मात्रामापकाचा) अहवाल सांगतो. "किमान २५" मागितलं की पेटीतल्या काही कोपऱ्यांना त्याहून बरंच जास्त मिळतं, म्हणून प्रत्यक्ष किमान आणि कमाल दोन्ही आकडे मागून घ्या.

पाचवी पायरी: मोजा

आधी साधं: वजन, व्यास, उंची. डिजिटल व्हर्नियरने प्रत्येक चकती आधी आणि नंतर. आक्रसणं इथेच कळतं. मग एसईएम, पण वरचा पृष्ठभाग बघून थांबू नका; द्रव नायट्रोजनमध्ये मोडून आतला छेद बघा.

जीपीसी, म्हणजे साखळ्या लांबीनुसार वेगळ्या करून रेणुभार मोजणारी चाचणी, ही खरी साक्ष. ती करता येत नसेल तर या विषयावर निबंध लिहू नका, इतकं स्पष्ट सांगतो. शुद्ध एल-प्रकारचा पीएलए टीएचएफ या नेहमीच्या द्रावकात नीट विरघळत नाही, क्लोरोफॉर्म घ्या. हायड्रॉक्सिअपेटाइट मिसळलेलं असेल तर सेंट्रिफ्यूज करून पीटीएफईच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय कॉलमकडे फिरकू नका. न विरघळलेला भाग राहिला तर तोही वजन करून नोंदवा, ते जेल असू शकतं.

डीएससीत (नमुना तापवून काचसंक्रमण आणि वितळणं मोजणाऱ्या चाचणीत) पहिली उष्णता-फेरी फेकून देण्याची सवय इथे मोडा. दुसरी फेरी पदार्थाबद्दल सांगते, पहिली त्याच्यावर काय काय गुजरलं ते सांगते. ईटीओच्या कोठीत काही तास उबेत राहिलेल्या पीएलएची स्फटिकता वाढलेली असेल किंवा काचसंक्रमणावर जुनेपणाचं टोक उमटलं असेल, तर ते पहिल्या फेरीतच दिसतं. एफटीआयआर (अवरक्त प्रकाशाने रासायनिक बंध ओळखणारी चाचणी) करा, पण त्यात फरक दिसला नाही म्हणून फरक झालाच नाही असं लिहू नका. चार साखळ्यांमागे एक तूट त्याला दिसत नाही.

कॉम्प्रेशनला गटामागे किमान पाच चकत्या, आणि जमेल तर ३७ अंशांच्या पाण्यात भिजवून. तुलनेसाठी: माणसाच्या जाळीदार हाडाची दाब सोसण्याची ताकद साधारण २ ते १२ मेगापास्कल.

मग झिजण्याची चाचणी: ३७ अंश, पीएच ७.४ चं फॉस्फेट बफर, ठरलेल्या आठवड्यांनी वजन, रेणुभार, ताकद आणि द्रवाचा पीएच. पेशींसाठी आयएसओ १०९९३-५ प्रमाणे अर्कचाचणी आधी, मग थेट पेशी. एंडोटॉक्सिनची चाचणी विसरू नका. मेलेल्या जिवाणूंच्या भिंतींचा हा कचरा वरच्या नेहमीच्या पद्धतींनी विश्वासाने जात नाही. काचसामान २५० अंशांना अर्धा तास भाजून तो घालवता येतो, पॉलिमर भाजता येत नाही. म्हणून तो मुळात येऊच द्यायचा नसतो. कायटोसान-जिलेटिनवाल्यांनी तर आधी कच्चा मालच तपासावा.

सहावी पायरी: आकडे वाचताना

सगळ्यात मोठी फसगत अशी: गॅमानंतर लगेच घेतलेली ताकद जवळपास तेवढीच येते आणि लोक "परिणाम नाही" असं लिहून मोकळे होतात. सच्छिद्र स्कॅफोल्डची ताकद बरीचशी छिद्रांच्या रचनेवर ठरते. साखळ्या एकमेकींत गुंतून राहण्याइतक्या लांब आहेत तोवर रेणुभार घटला तरी ती हलत नाही. पण त्या उंबरठ्याच्या तुम्ही जवळ सरकलेले असता. शरीरात झीज सुरू झाली की निर्जंतुक केलेला स्कॅफोल्ड तो उंबरठा आधी गाठतो आणि एकदम ढासळतो. हाडाला तिथे भार घेण्याइतकं जुळायला कित्येक आठवडे ते महिने लागतात. आज ताकद किती यापेक्षा ती कोणत्या आठवड्यात संपते, हा आलेख हवा, आणि तो चारही गटांचा एकाच कागदावर.

दुसरी फसगत पेशींची. ईटीओच्या गटात पेशी कमी वाढल्या तर दोष पृष्ठभागाचा की अवशेषांचा? आणखी आठवडाभर व्हॅक्यूममध्ये ठेवलेली चकती तपासा. पेशी सावरल्या तर अवशेष.

सातवी पायरी: लिहिताना

"नमुने गॅमाने निर्जंतुक केले" एवढ्यावर कोणी तुमचा प्रयोग पुन्हा करू शकत नाही. निदान इतकं हवं: "पीएलए स्कॅफोल्ड, आरंभीचा संख्या-सरासरी रेणुभार अमुक, नायट्रोजन भरलेल्या ॲल्युमिनियम पाऊचमध्ये शोषकासह सील केले, कोबाल्ट-६०, मोजलेली किमान मात्रा अमुक, कमाल अमुक, किरण देतानाचं तापमान अमुक, प्रवासातलं कमाल तापमान लॉगरनुसार अमुक, किरणांनंतर चाचणीपर्यंत उणे २० अंशांवर अमुक दिवस साठवले." ईटीओ असेल तर सायकलचं तापमान, आर्द्रता, वेळ आणि एरेशनचा कालावधी. प्रत्येक "अमुक"च्या जागी आकडा बसला की मसुदा गाइडना पाठवा.